सावलीचा ना हरकत दाखला

एक खांब उभा करायचा होता. एवढंच. साधा, सरळ, तीन मीटरच्या आतबाहेरचा खांब. त्याला ना तार, ना दिवा, ना झेंडा. मी सहावीच्या मुलींना विज्ञान शिकवते. घर्षण, चुंबकत्व, गुरुत्वाकर्षण वगैरे शक्तींचा धडा दरवर्षी घेते. पण 'एवढंच' या शब्दात किती शक्ती असते, याचा उल्लेख त्या धड्यात कुठेच नाही.

आमच्या गावचा फलज, म्हणजे पाण्याचा जुना कालवा, डोंगराच्या पोटातून येतो आणि पाटापाटानं खजुराच्या बागांमधून फिरतो. कोणाच्या बागेत पाणी किती वेळ जायचं, हे मशिदीमागच्या सपाट अंगणात ठरायचं. अंगणाच्या मधोमध खांब आणि भोवती जमिनीत अर्धे पुरलेले दगड. खांबाची सावली दगडाला टेकली की एकाची पाळी संपली, दुसऱ्याची सुरू. हे पाहायला पाटकरी लागतो. सत्तेचाळीस वर्षं माझे वडील हे काम करत होते; मरहून त्यांचं नाव. जानेवारीच्या सुरुवातीला ते गेले. सांत्वनाला येणाऱ्यांसाठी भाड्यानं आणलेल्या तीनशे प्लास्टिकच्या खुर्च्या चौथ्या दिवशी परत न्यायला एक पिकअप आली. ती मागे घेताना खांबाला धडकली आणि खांब बुडातून मोडला. ड्रायव्हर रडायलाच लागला. त्याची समजूत काढण्यात आमच्या घरातल्या बायकांचा तो दिवस बरा गेला.

फलज समितीचे प्रमुख मुहन्नाकाका खांबापाशी आले, त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, "अल्लाची मर्जी. आता काय, प्रत्येकाच्या मनगटावर घड्याळ आहे. पाळ्या घड्याळावर चालवू. या अंगणात सिमेंट टाकलं, तर शुक्रवारी गाड्या लावायला जागा होईल."

माणूस वाईट नाही. शुक्रवारच्या नमाजला गाड्यांचा खरोखरच गोंधळ होतो. पाच आठवडे पाळ्या घड्याळावर चालल्या. सकाळची पहिली पाळी तेवढी डोंगरमाथ्यावर ऊन आलं की सुरू व्हायची, तिला कोणाच्या मनगटाची गरज नाही. पुढच्या सगळ्या घड्याळावर. दुपारच्या आधीची शेवटची पाळी माझ्या शेजाऱ्यांची, खलफानकाकांची. ठोक्याला बारा वाजले की त्यांचं पाणी बंद आणि मुहन्नाकाकांचं सुरू.

फेब्रुवारीत सिमेंटची तारीख ठरली, तेव्हा मी मुहन्नाकाकांकडे गेले.

"माझ्या मुलींना ही सावली एकदा तरी चालताना दाखवू द्या," मी म्हणाले.

"सावली सगळीकडेच चालते, पोरी. शाळेच्या भिंतीवर दाखव."

"पण वेळ दाखवणारी सावली इथेच आहे."

आणखी कॉफी नको म्हणून त्यांनी पेला हलवला आणि विचार केला. "बरं. पुढच्या आठवड्यात गुरुवारी दुपारी अख्खी समिती अंगणात येईल. बारा वाजता सावली दुपारच्या दगडावर असली, तर अंगण राहील. नसली, तर रविवारी सिमेंट. कबूल?"

"कबूल," मी म्हणाले. हातात नऊ दिवस होते.

वर्गात हे सांगितलं आणि अकरा मुली एकदम उठून उभ्या राहिल्या. "बाई, म्हणजे सूर्याला आपण घड्याळासमोर परीक्षेला बसवणार?" रय्यानं विचारलं. ही मुलगी प्रश्न विचारण्यासाठीच शाळेत येते. उत्तर मिळालं तर तिचा थोडा विरस होतो. पण त्या दिवशी सगळ्याच मुली रय्या झाल्या होत्या. सावली सकाळी लांब का? दुपारी तोकडी का? उन्हाळ्यात दुपारी ती कुठे जाते? घंटा वाजली, पण कोणी डबा उघडला नाही. माझ्या नोकरीच्या बारा वर्षांत असं पहिल्यांदाच घडलं.

पहिला प्रश्न आला तो खांबाच्या उंचीचा. मोडलेला खांब मोजला की झालं, म्हणून मी तो शोधायला गेले. तो आमच्याच घरामागे असणार होता.

"कोणता खांब?" घनिया आत्या म्हणाली. ती वडिलांची थोरली बहीण. चुलीपुढे बसून तव्यावर रखाल नावाच्या पातळ पोळ्या पसरवत होती.

"आत्या, बोरीचं लाकूड. मोठं. कोपऱ्यात उभं केलेलं."

"हां, ते! छान जळलं गं. धूर नाही, काही नाही. काल तू चार पोळ्या खाल्ल्यास ना, त्यावरच्याच."

आता उंचीचा पुरावा माझ्याच पोटात गेला होता, त्यामुळे दुसरा शोधणं भाग होतं. लहान चुलत्यांच्या, सौदकाकांच्या लग्नाचा एक फोटो सापडला. त्यात ते वाजंत्र्यांमध्ये, एका हातात तलवार घेऊन, थेट खांबाला टेकून उभे होते. मुलींनी फोटोवर पट्टी ठेवली. काका चार सेंटिमीटर, खांब सात. म्हणजे काकांची खरी उंची कळली की खांबाची कळली. मुलींच्या दृष्टीनं ही जादूच होती. त्या धावत सौदकाकांकडे गेल्या आणि त्यांना भिंतीला टेकवून मोजून आल्या. एकशे बासष्ट सेंटिमीटर.

"तेव्हा मी एकशे सहासष्ट होतो," सौदकाका म्हणाले.

"काका, माणूस चार सेंटिमीटर कुठे घालवतो?"

"लग्नात," ते म्हणाले. काकूनं आतून भांडं आपटलं. आम्ही एकशे सहासष्ट धरून गणित केलं. खांब दोन मीटर नव्वद.

खांबाला परवानगी लागते हे मला बलदियाच्या, म्हणजे नगरपालिकेच्या, कचेरीत कळलं. तिथला इस्हाक माझ्या धाकट्या बहिणीच्या वर्गात होता. त्यामुळे तो माझ्याशी फार आदरानं वागतो आणि एकही काम सोपं करत नाही.

"खांबावर काय बसवणार, बाई?"

"काही नाही."

"दिवा?"

"नाही."

"झेंडा? त्याचा अर्ज वेगळा आहे. कॅमेरा? मोबाइलचा टॉवर?"

"इस्हाक, काहीही नाही."

"मग खांब करणार काय?"

"सावली पाडणार."

त्यानं संगणकात बराच वेळ वरखाली केलं. "सावली यादीत नाही," तो हळहळून म्हणाला. "'इतर'मध्ये टाकावं लागेल. 'इतर'ला बाधित क्षेत्र लिहावं लागतं. तुमची सावली कुठपर्यंत जाते?"

इथे गप्प बसायला हवं होतं. पण विज्ञानाच्या शिक्षिकेला सावलीबद्दल विचारणं म्हणजे आजीला गुडघ्याबद्दल विचारणं. मी मन लावून सांगितलं, की दुपारी ती आखूड असते, पण संध्याकाळी पूर्वेला लांबत लांबत खलफानकाकांच्या भिंतीवर चढते.

"म्हणजे खासगी मालमत्तेवर," इस्हाक म्हणाला आणि पेनाचं टोपण काढलं. "त्यांचा ना हरकत दाखला लागेल."

सूर्यास्ताला सावली तत्त्वतः क्षितिजापर्यंत जाते, हे मी तेवढं सांगितलं नाही. नाहीतर शेजारच्या प्रांताच्या राज्यपालांची सही आणावी लागली असती.

खलफानकाका सैन्याच्या भांडारात सव्वीस वर्षं नोकरी करून निवृत्त झाले आहेत. अर्ज हातात आला की त्यांचे डोळे चमकतात. त्यांनी तो दोनदा वाचला, उजेडाकडे धरला, मग मला भिंत दाखवायला बाहेर नेलं.

"सावलीनं रंग उडेल का?"

"काका, रंग उन्हानं उडतो. सावलीनं उलट टिकतो."

"मग उरलेल्या भिंतीनं काय घोडं मारलंय? सावली थोडी रुंद नाही का करता येणार?"

शेवटी त्यांनी सही केली, पण एका अटीवर: प्रकल्पात त्यांचं नाव 'तांत्रिक सल्लागार' म्हणून लागलं पाहिजे. त्यांनी गच्चीवरच्या जुन्या अँटेनाचा पाइपही काढून दिला. पाइप चांगला होता. सल्ला रोज नवा होता. पाइपला पांढरा रंग द्या, म्हणजे सावली थंड राहील. वर एक घुमट बसवा. खाली पाय ठेवायला पायरी करा. मुलींनी सगळं वहीत लिहून घेतलं. तांत्रिक सल्लागारांच्या सूचना लिहून घ्यायच्याच असतात.

रविवारी खड्डा खणला. सोमवारी गवंड्यानं सिमेंट ओतून, ओळंबा धरून पाइप सरळ उभा केला आणि तो जेवायला गेला. आम्ही शाळेत गेलो. परतलो तर खांब नमाजला वाकल्यासारखा उभा आणि त्याला घनिया आत्याची बकरी बांधलेली.

"आत्या!"

"अगं, गावात एकदाचं काहीतरी मजबूत उभं राहिलं, म्हणून बांधली. जरा वेळच."

गवंड्यानं ओलं सिमेंट उपसून सगळं पहिल्यापासून केलं. बकरीला मुलींनी तिचं नाव विचारून वहीत 'बाह्य बल' म्हणून नोंदवलं.

मंगळवारी खांब घट्ट झाला. अंगण झाडून काढलं, दगडांवरची माती पुसली. दुपारी माझा तास नव्हता, म्हणून मी मोबाइल हातात धरून दुपारच्या दगडापाशी उभी राहिले. बारा वाजले. सावली दगडावर नव्हती.

ती दगडाच्या पश्चिमेला होती. वीतभर नव्हे, जवळजवळ हातभर. मोबाइल बंद करून चालू केला. बारा वाजून दोन मिनिटं. सावली अजून तशीच दूर. खांब सरळ होता, ओळंब्यानं तपासलेला. उंची बरोबर होती. राहता राहिला दगड. पिकअपनं खांबाला धडक दिली, तेव्हा चाकानं दगड सरकवला असणार. दुसरं कारणच काय? भौतिकशास्त्रात माझी पदवी आहे, आणि 'सूर्य डोक्यावर येतो तेव्हा दुपारचे बारा वाजतात' हे वाक्य मी बारा वर्षं फळ्यावर लिहीत आले आहे.

मुली शाळेत होत्या. अंगणात कोणी नव्हतं. मी पहार घेतली, दगड उपटला, सावली बाराला होती त्या जागी नवा खड्डा केला आणि दगड तिथे पुरला. माती पायानं दाबली. काम साफ झालं. वडिलांचा दगड हलवताना हाताला जरा जड लागला, पण दगड जडच असतात.

गुरुवारी गाव लोटलं. चटया पसरल्या, कॉफीचे थर्मास आले, खजूर आले, कोणीतरी हलव्याचं मोठं भांडं उघडलं. समितीचे पाच जण रांगेत बसले. मुलींनी पांढरे स्कार्फ नेटके बांधले होते. रय्याच्या हातात मोजायची दोरी होती. दर दोन मिनिटांनी सावलीची लांबी मोजून ती ओरडून सांगायची आणि वर्गातली अज़्ज़ा वहीत लिहायची. म्हातारी माणसंसुद्धा गुडघ्यावर हात ठेवून पुढे वाकली होती. सावली खरंच चालत होती. डोळ्यांना दिसत होती. एका लहान मुलीनं तिच्या टोकावर बोट ठेवलं, आणि सावली बोटावरून निघून गेल्यावर ती किंचाळली.

मुहन्नाकाकांनी मनगट वर केलं. "बारा."

सावली दगडावर होती. अगदी मधोमध.

टाळ्या झाल्या. सौदकाकांनी तलवार नसताना तलवारीचा हात केला. मुहन्नाकाका उठले आणि मोठ्यानं म्हणाले, "मान्य. अंगण राहील." लोक हलव्याकडे वळले.

"एकशे अठ्ठ्याऐंशी," रय्या ओरडली. मग जरा थांबून म्हणाली, "बाई, सावली अजून लहान होतेय."

"होऊ दे," मी म्हणाले.

"पण तुम्हीच म्हणालात ना, सूर्य सगळ्यात वर असतो तेव्हा सावली सगळ्यात लहान. मग आत्ता दुपार कशी झाली? ती तर अजून व्हायचीय."

अकरा मुली माझ्याकडे पाहत होत्या. मागे हलव्याच्या वाट्या फिरत होत्या. अंगण वाचलं होतं. फक्त गप्प बसायचं होतं, आणि ते मला येतं. गेल्या पाच आठवड्यांत मी ते बरंच केलं होतं.

"मुहन्नाकाका," मी म्हणाले, "दगड मी हलवला. मंगळवारी. तो बाराला जुळत नव्हता."

हलव्याचं भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला.

"किती हलवला?"

"हातभर."

"तांत्रिक सल्लागाराला न विचारता?" खलफानकाका म्हणाले.

मुहन्नाकाका दगडापाशी येऊन वाकले. रागावले नव्हते, हेच जास्त वाईट होतं. "म्हणजे मरहूनचा दगड चुकीचा होता," ते हळू म्हणाले. "सत्तेचाळीस वर्षं."

दगड चुकीचा आहे असं पहिल्यांदा ठरवलं होतं ते मीच, मोबाइलकडे बघून.

"एकशे शहाऐंशी," रय्या म्हणाली. तिचं मोजणं सुरूच होतं. तिला समितीशी काही देणंघेणं नव्हतं. "बाई, बघू तर खरं कुठे थांबते!"

मग कोणी उठलं नाही. खरं सांगायचं तर हलवाही संपला नव्हता. बारा-दहा. बारा-पंधरा. एकशे पंच्याऐंशी. एकशे चौऱ्याऐंशी. आकडे आता जेमतेम हलत होते. सावली नव्या दगडावरून उतरून मोकळ्या जमिनीवरून पूर्वेला निघाली होती, जुन्या खड्ड्याच्या दिशेनं. तिथली माती अजून ताजी, गडद होती. माणसं एकेक करून चटयांवरून उठून तिथे येऊन बसली. बारा-वीस. "तेवढीच!" रय्या ओरडली. बारा-चोवीस. "तेवढीच! बाई, थांबली! थांबली!" सावलीचं टोक खड्ड्याच्या मधोमध होतं. मुली एकमेकींच्या गळ्यात पडल्या, आणि त्यांचा आरडाओरडा विरतो न विरतो तोच मशिदीचा कर्णा खाकरला आणि दुपारची अज़ान सुरू झाली.

अज़ान होईपर्यंत कोणी बोलत नाहीच. पण त्या दिवशी सगळ्यांच्या नजरा खड्ड्यावर होत्या. दुपारची अज़ान सूर्य माथ्यावरून ढळला की होते, हे त्या अंगणात पाच वर्षांच्या पोरालाही ठाऊक होतं. मंगळवारी मी पायानं माती दाबत होते, तेव्हाही हीच अज़ान झाली होती. मी आदरानं पाय थांबवला होता, ती संपू दिली होती, आणि मग पुन्हा दाबायला सुरुवात केली होती.

अज़ान संपल्यावर खलफानकाकांनी खिशातून नमाजच्या वेळांचं वर्षाचं पत्रक काढलं. छापील कागद ते नेहमी जवळ ठेवतात. "आज दुपारची बारा सव्वीस," त्यांनी वाचलं. पानं उलटली. "नोव्हेंबरच्या सुरुवातीला... अकरा छप्पन." ते चष्म्यावरून पाहू लागले. "अर्धा तास? हे दरवर्षी असं होतं?"

तेव्हा मला कॉलेजातलं एक पान आठवलं, त्यावरच्या चहाच्या डागासकट. मी काठीनं मातीत पृथ्वीची वाट काढली. ती नीट गोल नाही. पृथ्वी तिच्यावरून कधी जोरात जाते, कधी रमतगमत, आणि वर कललेलीही आहे. म्हणून सूर्य घड्याळासारखा एका चालीनं चालत नाही. नोव्हेंबरात पुढे पळतो, फेब्रुवारीत मागे रेंगाळतो. शिवाय देशाचं घड्याळ ज्या रेषेवर लावलंय, तिच्या पश्चिमेला आपलं गाव, म्हणून आणखी दहा मिनिटं. मी बोलत होते आणि मला वाटत होतं, की एवढी सुंदर गोष्ट माझ्याकडून बारा वर्षं शिकवायची राहूनच गेली! मुली वाकून मातीतली वाट पाहत होत्या. म्हातारेही पाहत होते. एकानं तर पृथ्वीवर चुकून पाय दिला म्हणून माफी मागितली.

"एक मिनिट," खलफानकाका म्हणाले. ते पृथ्वीकडे पाहत नव्हते. ते बोटांवर मोजत होते. "माझी पाळी दुपार झाली की संपते. घड्याळावर ती बाराला संपली. खरी दुपार बारा-चोवीसला. मुहन्ना! पाच आठवडे दर पाळीला माझं वीस-बावीस मिनिटांचं पाणी तू पितोयस!"

"मी पितोय? माझे खजूर पितायत!"

"तुझ्या खजुरांना घड्याळ आहे ना मनगटावर!"

मग जे भांडण झालं ते पंधरा-वीस वर्षांत झालं नव्हतं, आणि सगळ्यांना त्याचा फार आनंद झाला. प्रत्येकाला अचानक आपली कोणती मिनिटं कोणाकडे गेली ते आठवलं. सकाळच्या पाळीवाले, दुपारच्या पाळीवाले, सगळे एकाच वेळी सावली परत मागत होते. मुहन्नाकाकांचा चेहरा पडला होता. त्यांनी कधी कोणाचं थेंबभर पाणी मुद्दाम घेतलं नव्हतं, आणि आता अख्ख्या गावापुढे ते घेतल्याचं सिद्ध झालं होतं, तेही सहावीच्या मुलींच्या वहीतून. ते हात वर करून म्हणाले, "सिमेंट रद्द! दगड परत लावा! पण सावली पाहायला कोण उभं राहणार, ते आधी सांगा."

मग सगळे माझ्याकडे पाहू लागले.

"मला शाळा आहे," मी म्हणाले.

"शाळा साडेसातला," इस्हाक मागून म्हणाला. हा कधी आला होता कोण जाणे. "सकाळच्या पाळ्या त्याआधी. सुट्टीच्या दिवशी पूर्ण दिवस. बाई, नेमणुकीचा अर्ज मी उद्याच काढतो."

"शाळेच्या वेळेत आम्ही पाहू!" रय्या म्हणाली. "आळीपाळीनं! बाई, हो म्हणा ना!"

ठराव एकमतानं झाला. माझं मत त्यात धरलं नव्हतं. दगड दुपारनंतर मी आणि मुलींनी मूळ खड्ड्यात लावला. खलफानकाकांनी देखरेख केली.

शनिवारी खलफानकाकांची पाळी होती. मी पहाटेच अंगणात जाऊन उभी राहिले. डोंगरमाथ्यावर ऊन आलं, पहिली पाळी सुटली. मग सावली उमटली, लांबलचक, पश्चिमेच्या भिंतीपर्यंत, आणि दगडांवरून मागे सरकू लागली. थंडी होती. हात बाह्यांत घालून मी तिच्याकडे पाहत होते. एका जागी उभं राहून इतका वेळ एकाच गोष्टीकडे पाहायची मला सवय नव्हती. पाळीची वेळ जवळ आली तसे खाली पाटाच्या दारापाशी खलफानकाका फावडं घेऊन आले. तिथून त्यांना मी दिसत नव्हते आणि मला ते, मधे भिंत आहे. फावडं टेकल्याचं ऐकू आलं, मग भिंतीवरून त्यांची हाक आली.

"मरहून! टेकली का?"

हाक मारून ते थबकले असणार. पाणी तेवढं वाहत होतं.

मी वाकून पाहिलं.

"अजून नाही, काका," मी म्हणाले. "दोन बोटं आहे."

"बरं," ते म्हणाले, आणि पाटाच्या कडेला बसल्याचा आवाज आला.